चूक कबूल करणारा शल्यविशारद आणि गरोदरपणातले ओटीपोटाचे दुखणे

गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर अनेक जणींना एक विचित्र दुखणे सुरू होते. पलंगावर कूस बदलताना जांघांच्या मधोमध कळ येते. पायजम्यात पाय घालायला एक पाय उचलला की माकडहाडाच्या वर, डाव्या किंवा उजव्या बाजूला सुरी टोचल्यासारखे होते. जिना चढणे नको वाटते. घरात सांगितले तर उत्तर ठरलेले असते : पोट वाढतेय म्हटल्यावर दुखणारच, आम्ही नाही का काढली बाळंतपणे? सोनोग्राफीत बाळ ठणठणीत असते, त्यामुळे दवाखान्यातही या तक्रारीला फार वेळ मिळत नाही.

हे दुखणे खरे की मनाचे, हा प्रश्न आजचा नाही. सोळाव्या शतकात युरोपातले मोठमोठे वैद्य यावरच वाद घालत होते, अर्थात वेगळ्या शब्दांत. बाईच्या ओटीपोटाची हाडे बाळंतपणात खरोखर हलतात का, असा तो वाद होता. आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे या वादात बरीच वर्षे चुकीच्या बाजूला होते. पुढे वयाच्या सत्तरीला टेकल्यावर त्यांनी बाजू बदलली.

पारे यांचा जन्म 1510च्या सुमाराला, फ्रान्समधल्या लावाल गावाजवळच्या एका वस्तीत, साध्या घरात झाला. त्या काळी शस्त्रक्रिया हे डॉक्टरांचे काम मानले जात नसे. विद्यापीठात शिकलेले वैद्य लॅटिनमध्ये बोलत, नाडी पाहत, लघवीचा रंग तपासत आणि औषध लिहून देत. रक्ताला हात लावायचा तो न्हाव्याने. दाढी करणे, गळू फोडणे, दात उपटणे, मोडलेले हाड बसवणे ही सगळी त्याची कामे. पारे याच न्हावी-शल्यकांच्या धंद्यात उमेदवारी करत वाढले. लॅटिन त्यांना येत नव्हते आणि हे न्यून वैद्यांनी त्यांना आयुष्यभर ऐकवले.

तरुणपणी ते पॅरिसच्या ओतेल-दिए या जुन्या धर्मादाय रुग्णालयात लागले. लॅटिन पुस्तके वाचता येत नव्हती, पण तिथे माणसांची शरीरे रोज पाहायला मिळाली. तिथल्या सुमारे तीन वर्षांनी त्यांना जे शिकवले ते विद्यापीठात मिळणारे नव्हते.

मग युद्ध आले. 1537च्या सुमारास ते फ्रेंच सैन्याबरोबर इटलीत तुरिनच्या मोहिमेवर गेले. बंदुकीच्या गोळीची जखम विषारी असते आणि ती उकळत्या तेलाने जाळली पाहिजे, असे तेव्हाच्या ग्रंथांत होते. नवख्या पारे यांनीही तेच केले. एका लढाईनंतर मात्र जखमी इतके झाले की तेल संपले. नाइलाजाने उरलेल्यांच्या जखमांवर त्यांनी अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले. तेल न मिळालेली माणसे सकाळपर्यंत मरतील या धास्तीने त्यांना रात्रभर झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतात तर ज्यांना मलम लावले होते ते बऱ्यापैकी शांत झोपलेले आणि ज्यांना तेलाने जाळले होते ते तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या. पुन्हा कधी कुणाला तेलाने जाळायचे नाही, असे त्यांनी तिथेच ठरवले. हा अनुभव सांगणारे त्यांचे पुस्तक 1545 साली निघाले. ते फ्रेंचमध्ये होते, म्हणजे ज्या न्हाव्यांना आणि शल्यकांना त्याचा उपयोग होता त्यांना वाचता येईल अशा भाषेत.

पुढे हात-पाय कापल्यावर रक्त थांबवण्यासाठी तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत त्यांनी रुजवली. पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय आणि बिजागऱ्यांचे हात आखले, वाकलेल्या पाठीच्या कण्यासाठी भोके पाडलेली लोखंडी चोळी बनवून घेतली. फ्रान्सच्या लागोपाठ चार राजांच्या पदरी त्यांनी काम केले. त्यांतले दुसरे हेन्री 1559 साली भाल्यांच्या खेळात डोळ्यात भाल्याची ढलपी घुसून जखमी झाले. शरीररचनाशास्त्राचे महापंडित वेसालियस ब्रुसेल्सहून धावत आले, पारे उशाशी होतेच, पण दोघांनाही राजाला वाचवता आले नाही.

रणांगणावरच्या या माणसाचा बाळंतपणाशी संबंध कसा आला, असा प्रश्न पडेल. प्रसूती तेव्हा सुइणींच्या हातात असे आणि शल्यकाला बोलावणे येई ते अगदी शेवटी, बाळ अडल्यावर. म्हणजे बहुतेक वेळा मेलेले बाळ आकड्याने ओढून काढायला. पारे यांनी 1549-50च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वेगळी वाट सांगितली : बाळ आडवे असेल तर आत हात घालून त्याचे पाय शोधायचे आणि पायांकडून त्याला बाहेर आणायचे. प्राचीन ग्रीकांना ही युक्ती माहीत होती, पण मधल्या शतकांत ती मागे पडली होती. पारे यांनी ती पुन्हा वापरात आणली आणि त्यामुळे किती तरी आया व मुले वाचली. सिझेरियन सुरक्षित होईपर्यंत पुढची तीनशेहून अधिक वर्षे अडलेल्या आडव्या बाळासाठी हाच मोठा आधार होता.

प्रसूतीवर लिहायचे म्हटल्यावर ओटीपोटाच्या हाडांचा प्रश्न टाळता येत नव्हता. कमरेखाली हाडांचे एक कडे असते. मागे मणक्याच्या टोकाशी त्रिकोणी हाड, दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडे, आणि ती पुढे जांघांच्या मध्ये एकमेकांना भेटतात. या कड्यात तीन महत्त्वाचे सांधे आहेत, दोन मागे आणि एक पुढे. बाळंतपणात हे सांधे उघडतात असे ग्रीक परंपरेत मानले जाई. इतरांना हा भाबडेपणा वाटे. पुरुषाच्या शवात हे सांधे इतके पक्के दिसत की सुरीशिवाय ते सुटतील यावर विश्वास बसत नसे. विच्छेदनाला मिळणारी बहुतेक शवे फाशी गेलेल्या पुरुषांची असत, हेही लक्षात घ्यायला हवे. पारे यांचेही मत हेच होते. ही हाडे हलत नाहीत, असे त्यांनी तोंडी आणि लेखी ठामपणे मांडले होते.

1579 साली पॅरिसमध्ये एका स्त्रीला फाशी झाली. काही दिवसांपूर्वीच ती बाळंत झाली होती. तिचे शव विच्छेदनासाठी शल्यकांकडे आले आणि पारे तिथे हजर होते. पुढचा सांधा मधोमध सुटलेला होता, दोन हाडांमध्ये स्पष्ट दिसण्याइतकी फट होती. मागचे सांधेही सैल झालेले होते. वाद तिथे संपला, निदान पारे यांच्यापुरता.

राजाचा मुख्य शल्यक, वय सत्तरीला टेकलेले, विरोधक टपून बसलेले. चार वर्षांपूर्वी, 1575 साली, त्यांचे समग्र ग्रंथ निघाले तेव्हा पॅरिसच्या वैद्यांनी ते रोखण्याचा जोरदार प्रयत्न केला होता. न्हाव्याच्या धंद्यातून आलेल्या माणसाने तापावर आणि प्रजननावर लिहावे, तेही फ्रेंचमध्ये, हे त्यांना रुचले नव्हते. अशा वेळी गप्प बसणे सोपे होते. पारे यांनी आपण पूर्वी उलट मत धरले होते आणि ते चूक होते, असे आपल्या ग्रंथातच नोंदवून ठेवले. याचा अर्थ ते नेहमीच शहाणे होते असा नाही. गरोदर बाईने काही भलतेसलते पाहिले की बाळात व्यंग येते, असल्या समजुती त्यांच्या एका पुस्तकात भरपूर आहेत. ज्या गोष्टी टेबलावर मांडून पाहता येत नव्हत्या तिथे ते आपल्या काळाइतकेच भोळे होते.

त्या स्त्रीचे नाव इतिहासात महत्त्वाचे ठरले नाही. गरोदरपणात तिला कूस बदलताना दुखत होते का, हे विचारायला तर कुणीच गेले नसणार.

पारे यांनी पाहिलेल्या गोष्टीचे कारण समजायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली. 1926 साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी गाभण प्राण्यांच्या रक्तातला द्रव गाभण नसलेल्या गिनीपिगना टोचला आणि त्यांच्या ओटीपोटाचा पुढचा सांधा सैल झाला. रक्तातल्या या संप्रेरकाला पुढे रिलॅक्सिन नाव मिळाले. बाळाला वाट मिळावी म्हणून सांधे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लिगामेंट, गरोदरपणात मऊ होतात. एरवी पुढच्या सांध्यातली फट चार-पाच मिलिमीटर असते. गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरने वाढणे स्वाभाविक आहे. दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तर तो सांधा फाकल्याचे समजतात, पण ते क्वचित घडते.

मग सांधे सगळ्याच गरोदर स्त्रियांचे सैलावतात, तर दुखते काहींनाच, असे का? साधारण पाचांपैकी एकीला हे दुखणे होते. फट किती किंवा रक्तात रिलॅक्सिन किती, यावरून दुखण्याचा अंदाज येत नाही. सैल झालेले कडे सांभाळण्याचे काम कमरेच्या, नितंबांच्या आणि पोटाच्या स्नायूंवर येते. त्यात दोन्ही बाजूंवर सारखा भार न पडता एकाच बाजूवर पडला की सांध्याला ओढ बसते, असे मानले जाते. आधीपासून कंबरदुखी असलेल्यांना, ओटीपोटाला पूर्वी मार बसलेल्यांना आणि आधीच्या बाळंतपणात हाच त्रास झालेल्यांना धोका जास्त. बाळाला यापासून अपाय होत नाही, ही त्यातली दिलाशाची गोष्ट.

हे दुखणे पूर्णपणे टाळण्याचा खात्रीचा उपाय आज कुणाकडे नाही, आणि तसा दावा करणाऱ्यापासून जपून राहावे. गरोदरपणात नियमित, माफक व्यायाम केल्याने त्रासाची तीव्रता कमी राहण्यास मदत होते, एवढे म्हणता येते. पण दुखणे सुरू झाल्यावर रोजच्या हालचालींत केलेले बदल बऱ्याच जणींना खरा आराम देतात, आणि त्या सगळ्यांमागे एकच सूत्र आहे : दोन्ही पायांवर भार सारखा आणि गुडघे शक्यतो जवळ.

कुशीवर झोपावे आणि गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मावेल अशी उशी मध्ये ठेवावी. कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून मग सगळे अंग एकदम वळवावे. पलंगावरून उतरतानाही तसेच, दोन्ही पाय एकत्र खाली. सलवार, अंतर्वस्त्रे, चपला बसून घालाव्यात. जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची पायरी, आणि आधी कमी दुखणारा पाय वर. रिक्षात किंवा गाडीत शिरताना आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसण्याची आपल्याकडची पद्धत या दुखण्यात फार त्रास देते. एका कडेवर मोठे मूल, एका हातात पाण्याची बादली, उभ्याने एका पायावर भार टाकून पोळ्या लाटणे हेही तसेच. पोळ्या स्टुलावर बसून लाटता येतात. हे सासरी कसे सांगायचे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही हे मान्य, पण डॉक्टरांनी नवऱ्याला किंवा सासूबाईंना समोर बसवून दोन वाक्ये सांगितली तर फरक पडतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. प्रसूती नैसर्गिक व्हावी म्हणून अनेकींना उकिडवे बसून फरशी पुसायला, तळपाय जोडून गुडघे फाकवण्याचा व्यायाम करायला सांगतात. ज्यांना काही त्रास नाही त्यांना यात वावगे नाही. पण पुढच्या सांध्याशी दुखत असेल तर पाय फाकवणाऱ्या हालचालींनी ते वाढते. त्या थांबवाव्यात आणि गरोदर स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. पोहता येत असेल तर पाण्यात चालणे चांगले, बेडकासारखे पाय मारणे नको.

ओटीपोटाच्या पट्ट्याने काही जणींना चालताना बरे वाटते. हा पट्टा पोटावरून बांधायचा नसतो. तो पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांभोवती यायला हवा आणि लागेल तेवढाच वेळ वापरावा. बाळंतपणानंतर आपल्याकडे पोट बांधतात ती गोष्ट निराळी, तिने सांध्याला आधार मिळतो असे समजू नये. कोमट शेक पाठीमागे घ्यायला हरकत नाही. कॅल्शियम गरोदरपणात लागतेच, पण हाडे ठिसूळ झाल्यामुळे हे दुखत नाही, त्यामुळे जास्तीच्या कॅल्शियमने ते थांबणारही नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःहून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणू नयेत. विशेषतः पाच महिन्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

आणि सगळेच दुखणे सांध्याचे नसते. रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने पोट कडक होणे, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल मंदावणे, एका पोटरीला सूज व वेदना, पायांत किंवा जांघांमध्ये बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रसूतीच्या वेळीही हे दुखणे डॉक्टरांना आणि नर्सना आठवणीने सांगावे. गुडघे न दुखता किती फाकतात ते आधी मोजून ठेवले तर टेबलावर पाय त्यापलीकडे ताणले जाणार नाहीत. कमरेत भूल दिली असेल तर दुखल्याचे कळत नाही, म्हणून तेव्हा जास्त काळजी. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर टेकून बाळंत होणे अशा स्त्रीला सोपे जाते. केवळ या दुखण्यासाठी सिझेरियनची गरज सहसा नसते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते बहुतेकींचे ओसरते. तीन महिन्यांनंतरही राहिले तर अंगावर काढू नये.

पारे यांचे स्वतःचे घर या विषयापासून दूर नव्हते. पहिली पत्नी वारल्यावर 1574 साली त्यांनी दुसरे लग्न केले आणि त्या संसारातही मुले झाली. दोन्ही लग्नांतली कितीतरी मुले लहानपणीच गेली. 1590 साली पॅरिसला वेढा पडला, शहरात उपासमार झाली. वेढा उठला आणि त्याच वर्षी 20 डिसेंबरला पारे वारले.

सैन्यात शल्यक असलेल्या त्यांच्या एका शिष्याची बायको लुईझ बुर्झ्वा हिने युद्धात घर गेल्यावर सुईणपण करायचे ठरवले. पारे यांचे ग्रंथ फ्रेंचमध्ये असल्यामुळे ती ते स्वतः वाचू शकली आणि त्यांतूनच ती शिकली. 1601 साली फ्रान्सच्या राणीचे पहिले बाळंतपण तिच्या हातून झाले, आणि 1609 साली तिने सुइणींसाठी स्वतःचे पुस्तक छापले.